परराज्यातल्या व्यापाऱ्याकडे पैसे अडकले तर काय करायचं?

 

आज फवारणी नाही, खत नाही. आज उधारीचा विषय. आंब्याच्या पेट्या लवकरच निघायला लागतील, सुपारीची तोड बऱ्याच वाड्यांत आटपत आली आहे. सुरत, बेळगाव, मडगावचे व्यापारी फोन करतायत. भाव बरा सांगतात, पण "पैसे पंधरा दिवसांनी" म्हणतात. म्हणून माल गाडीत चढण्याआधी हा मेसेज शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गैरसमज काढू. "परराज्यातल्या व्यापाऱ्याने तीन दिवसांत पैसे दिले नाहीत तर प्रांताकडे जा" असा जुना मेसेज अजून फिरतोय. 2020 च्या केंद्राच्या कायद्यात तशी सोय होती. धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकाचे पैसे व्यापाऱ्यांकडे चार महिने अडकले होते, ते त्याला त्याच कायद्याने मिळाले. पण जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याला स्थगिती दिली आणि 2021 च्या अखेरीस तो रद्दच झाला. आज त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट. 2016 पासून आपल्या राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक आहे. सोय चांगली आहे, पण बांधावर सौदा केला की समितीचं छत्र डोक्यावर नसतं. आवारातल्या परवानाधारक आडत्याने पैसे थकवले तर समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करता येते. बांधावरच्या सौद्यात तुमचा कागद हाच तुमचा आधार.

*मग कागद कसा हवा?*

1. चिठ्ठीवर व्यापाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, माल, वजन किंवा पेट्या, दर, एकूण रक्कम आणि पैसे देण्याची तारीख लिहा. खाली त्याची किंवा त्याच्या माणसाची सही घ्या. आधार कार्डाचा आणि गाडीच्या नंबराचा फोटो काढून ठेवा.

2. "माल काशीद येथे ताब्यात दिला, रक्कम काशीद येथे देय" असं लिहा. याचा उपयोग मोठा आहे. दिवाणी दावा जिथे प्रतिवादी राहतो तिथे लावता येतो, तसा व्यवहाराचा काही भाग जिथे घडला तिथेही लावता येतो. व्यवहार इथे झाल्याचा पुरावा असेल तर सुरतेच्या फेऱ्या वाचतील. नुसतं "वाद मुरूडच्या कोर्टात" छापून भागत नाही, व्यवहाराचा भाग खरोखर इथे घडलेला असावा लागतो. इथे निकाल लागला की वसुलीसाठी तो व्यापाऱ्याच्या गावच्या कोर्टाकडे पाठवता येतो.

3. मोबाईलवरचं बोलणं पुसू नका. कोर्टात ते ठरावीक प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून चालतं. फोन बदलला तरी जुना जपून ठेवा.

*चेक परत आला तर*

इथे दिवस मोजायचे. बँकेकडून चेक परत आल्याची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर व्यापाऱ्याला 15 दिवस मिळतात. तरी पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. 2015 च्या दुरुस्तीनंतर ही तक्रार, तुम्ही चेक ज्या शाखेतल्या खात्यात भरलात तिथल्या कोर्टात होते. म्हणजे व्यापारी कर्नाटकचा असला तरी हजर राहायला त्याला इकडे यावं लागतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरी आंब्याच्या पैशाचा चेक परत आला होता. व्यापारी रोज फोनवर म्हणायचा, "काका, या सोमवारी नक्की." बाबांनी बँकेचा कागद कपाटात ठेवला आणि अडीच महिन्यांनी वकिलाकडे गेले. तोवर नोटिशीची मुदत गेली होती, चेकची तीन महिन्यांची मुदतही उलटली होती. दिवाणी दावा उरला होता, पण चिठ्ठीवर सहीच नव्हती. त्या वर्षीचं खत उधारीवर आणावं लागलं. तेव्हा गोड बोलणं ऐकून घ्या, पण नोटीस थांबवू नका.

*चेक नसेल तर*

पैसे देय झाल्यापासून साधारण तीन वर्षांत दावा लावावा लागतो. मुदतीच्या आत व्यापाऱ्याने सही करून बाकी कबूल केली, तर तिथून तीन वर्षं नव्याने मोजतात. म्हणून दर वर्षी बाकीचा हिशेब लिहून त्याच्याकडून सही घ्या. गोव्यात पोर्तुगीज काळापासून वेगळी मुदत होती, पण 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिथेही करारातल्या पैशाला हाच केंद्राचा कायदा लागू झाला. "गोव्यात वेळ जास्त मिळतो" असं कोणी सांगितलं तर विसंबू नका.

*कोकम, पल्प, पापड करणाऱ्या ताईंसाठी आणि गटांसाठी*

प्रक्रिया उद्योग असेल तर उद्यम नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे. ती माल देण्याआधी झालेली हवी, थकबाकी झाल्यावर नाही. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याने खरेदीदाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. अर्ज आपल्या विभागाच्या सुविधा परिषदेकडे करायचा, खरेदीदार देशात कुठेही असो. परिषदेच्या निवाड्याला त्याला आव्हान द्यायचं तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. बागेतला कच्चा माल यात बसतोच असं धरून चालू नका, आधी विचारा.

*वकिलाची फी परवडत नसेल तर*

15100 हा विधी सेवेचा मोफत नंबर आहे. अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दावा लावण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. दोघांना मान्य झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमासारखी अंतिम असते आणि कोर्ट फी लागत नाही.

या आठवड्याचं काम: घरात पडलेल्या जुन्या चिठ्ठ्या आणि परत आलेले चेक शोधा, तारखा बघा. ज्यांचा चेक या महिन्यात परत आला असेल त्यांनी उद्याच कागद घेऊन कंपनीच्या कार्यालयात या. नोटिशीचा मजकूर वकिलांकडून तपासून घेऊ आणि पोच मिळेल अशी स्पीड पोस्टने पाठवू. नवीन सौद्यासाठी चिठ्ठीचा कोरा नमुनाही तिथेच मिळेल.

शंका असेल तर याच नंबरवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा शेजारच्या काका-काकूंना हा मेसेज वाचून दाखवा.

आपला,
कृषी सल्लागार