उतारावर ब्रेक नव्हे, गिअर

अमेरिकेत युटामधल्या मोआबला गेलात की शेफर ट्रेलचं नाव लगेच कानावर पडतं. नवख्यांसाठी सोपा, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. खडक चढायचे नाहीत, वाळूत रुतायचं नाही. फक्त हा कच्चा रस्ता कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या पठारावरून वळणं घेत सुमारे 1,500 फूट खाली उतरतो.

आम्ही उतरत होतो तेव्हा पुढे भाड्याची एक जीप होती. आधी वळणावळणाला तिचे मागचे दिवे पेटायचे. मग ते पेटलेलेच राहिले आणि जळका वास आमच्यापर्यंत आला. रुंद जागा बघून जीप चालवणाऱ्या गृहस्थांनी गाडी बाजूला घेतली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. "फोर बाय फोर लावलंय की, मग ब्रेक कसे तापले?" त्यांनी विचारलं.

चारही चाकांना ताकद मिळते ती गाडी ओढायला, थांबवायला नाही. उतारावर कामाला येतो 'फोर लो', म्हणजे फोर बाय फोरचा संथ चालीचा गिअर. तो उतार लागण्याआधी, वरच टाकायचा, गाडी जवळजवळ थांबवून, न्यूट्रलमध्ये. मग पहिला किंवा दुसरा गिअर. ऑटोमॅटिक असली तरी गिअर हाताने धरून ठेवायचा. इंजिनच गाडीला रोखून धरतं, ब्रेक वळणापुरता लागतो. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हे आपल्याकडचे जुने ट्रकवाले उगाच सांगत नाहीत. ब्रेक तापलेच तर थांबा, निवू द्या. वर पाणी ओतू नका.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. रस्ता बऱ्याच ठिकाणी एकाच गाडीपुरता, म्हणून नजर खालच्या दोन वळणांवर हवी. पाऊस किंवा बर्फ झाला असेल तर जाऊच नका. 'सोपा' हा शब्द कोरड्या दिवसापुरता आहे.

खाली पोचल्यावर आल्या वाटेने परत चढा, नाहीतर पोटॅश रोडने मोआब गाठा. 'थेल्मा अँड लुईस' या 1991च्या सिनेमाचा, गाडी कड्यावरून झेपावते तो शेवट जिथे चित्रित झाला, तो कडा या पोटॅशच्या वाटेवर आहे. (सिनेमा उतार संपल्यावर आठवला, हे बरं झालं.) पण पोटॅश रोड शेफरपेक्षा खडबडीत आहे. पहिल्यांदाच आला असाल आणि दुपार कलली असेल, तर परत चढणंच बरं. खाली पिण्याचं पाणी नाही, फोनचा भरवसा नाही आणि गाडी ओढून आणायचं बिल हजार डॉलरच्या वर सहज जातं. टाकी मोआबमध्येच भरून घ्या.