पाचवे शील आणि औषधाची गोळी

वर्षावासातील अभ्यासवर्गात एक प्रश्न हमखास येतो : दारू सोडलेल्या माणसाने मानसिक आजाराच्या गोळ्या घ्याव्यात का? एक नशा सोडून दुसरी धरल्यासारखे होत नाही का? काही वर्षांपूर्वी आम्हीच एका उपासकांना, "आता गोळ्याही सोडा, ध्यानाला बसा," असे सांगितले होते. त्यांनी ऐकले. दोन महिन्यांत त्यांची झोप गेली, उदासी परतली आणि पाठोपाठ दारूही. आमचा सल्ला चुकीचा होता. म्हणून हा पाठ.

शील काय सांगते?

पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज हे शब्द येतात. पण त्याग कशासाठी, हे सांगणारा शब्द पुढे आहे : पमादट्ठान, म्हणजे प्रमादाचे, बेसावधपणाचे कारण. ज्याने भान सुटते ते वर्ज्य. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे; औषध न घेण्याची नाही.

भगवंतांनी चीवर, पिंडपात आणि शयनासन यांच्या जोडीला आजारातील औषध ही भिक्खूची चौथी गरज मानली. विनयपिटकातील महावग्गात औषधांवर स्वतंत्र भाग आहे. त्यात स्थविर पिलिंदवच्छ यांची हकिकत येते. त्यांना वाताचा विकार झाला. वैद्यांनी सांगितलेल्या तेलाच्या काढ्यात मद्य घालावे लागे. भगवंतांनी अनुमती दिली. पुढे काही भिक्खू जास्त मद्य घालून पिऊ लागले, तेव्हा मद्याचा रंग, वास आणि चव जाणवणार नाही इतकेच घालावे, असा नियम झाला. औषध आणि व्यसन यांतील सीमा इथे स्पष्ट दिसते.

आजची औषधे

नैराश्यावरची नेहमीची औषधे नशा आणत नाहीत. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात; नशेसाठी कोणी इतके थांबत नाही. लिथियम हा एक क्षार असून तो मनाचे टोकाचे चढउतार आवरतो. तो घेताना वेळोवेळी रक्ततपासणी करावी लागते.

मात्र सर्व गोळ्या सारख्या नसतात. डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या झोपेच्या व घबराटीवरच्या गोळ्यांची सवय लागू शकते. दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. म्हणून पूर्वीचे व्यसन डॉक्टरांपासून लपवू नये, चिठ्ठीपेक्षा जास्त गोळी घेऊ नये आणि बरे वाटले म्हणून औषध परस्पर बंद करू नये. उलट, गोळी टाळणारे काहीजण आसवे-अरिष्टे निर्धास्त घेतात. त्यांत आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेला मद्यार्क असतो, हे त्यांना ठाऊक नसते. बाटलीवरचा मजकूर वाचावा.

आपले कर्तव्य

मधुमेहाच्या गोळीला आपण नावे ठेवत नाही; मग मनाच्या आजाराच्या गोळीलाच का? विहारात कोणी औषध घेत असेल तर सल्ला देण्याऐवजी सोबत द्यावी. डॉक्टरांकडे जाताना बरोबर जावे. शासनाची 'टेली मानस' ही सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

ते उपासक पुन्हा उपचार घेत आहेत. दारू सुटली आहे, गोळी चालू आहे आणि रविवारच्या वंदनेला ते आमच्या आधी हजर असतात.

स्वाध्याय
1. 'पमादट्ठान' या शब्दाचा अर्थ सांगून त्या कसोटीवर दारू व औषध यांतील फरक लिहा.
2. पिलिंदवच्छ यांच्या हकिकतीतील नियम आजच्या झोपेच्या गोळ्यांना कसा लागू होतो?