बिनतारी दुवा कोठे तुटतो?



भिवंडीच्या कोणत्याही गल्लीत शिरा, यंत्रमागांचा खडखडाट कानांवर येतोच. मागावरील आडवा धागा तुटला की माग थांबतो. अशा वेळी विणकर ‘माग गेला’ असे म्हणून नवा माग आणावयास निघत नाही. तो तुटलेले टोक शोधतो, धागा नीट लावतो आणि माग पुन्हा सुरू करतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे वागतो. इंटरनेट लागले नाही की ‘वायफाय बिघडले’ असे म्हणून मोकळे होतो. टोक कोठे तुटले आहे हे पाहण्याची तसदी घेत नाही.

मध्यंतरी अकरावीतला एक विद्यार्थी एक जुना लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. वडील यंत्रमागावर कामाला. घरात थोडे थोडे साठवून हा जुना संगणक घेतलेला. त्यात लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली बसविलेली होती. संगणक उत्तम चालत होता, परंतु वायफायच्या यादीत एकही नाव उमटत नव्हते. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले होते, “कार्ड गेले, नवे टाकावे लागेल.” नवे कार्ड म्हणजे वडिलांची काही दिवसांची मजुरी. शिवाय शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत चार दिवसांवर आली होती. कार्ड खरोखरच गेले होते काय? हा प्रश्न आम्ही प्रयोगशाळेतील प्रश्नासारखा सोडविला. तो कसा, ते ह्या लेखात पाहू.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ ह्या प्रकल्पाची घोषणा केली. सर्वांना वाचता येईल, बदलता येईल आणि वाटता येईल अशी कार्यप्रणाली तयार करणे हा त्यामागील उद्देश होता. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्‌स ह्या विद्यार्थ्याने अशा प्रणालीचा गाभा लिहिला; तोच लिनक्स. ह्या प्रणालीतील आज्ञावली कोणालाही वाचता येते. म्हणून तिच्यात बिघाड झाला तर ‘आत काय चालले आहे’ हे विचारण्याची सोय आपल्याला असते. फक्त योग्य प्रश्न योग्य क्रमाने विचारता आले पाहिजेत.

साखळीच्या सहा कड्या

लॅपटॉपच्या पडद्यावर एखादे पान उमटते तेव्हा सहा कड्यांची साखळी पूर्ण झालेली असते: (१) रेडिओ चालू असणे, (२) कार्ड जागेवर असणे, (३) कार्डाला त्याची आज्ञावली मिळणे, (४) तरंग पुरेशा शक्तीने पोचणे, (५) राउटरकडून पत्ता मिळणे आणि (६) संकेतस्थळाच्या नावाचे अंकांत रूपांतर होणे. ह्यांपैकी कोणतीही एक कडी तुटली तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते: पान उघडत नाही. म्हणून पहिल्या कडीपासून सुरुवात करून एकेक कडी तपासावयाची, एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि प्रत्येक निरीक्षण वहीत लिहावयाचे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात तुम्ही हेच करता.

ह्यासाठी ‘टर्मिनल’ ही खिडकी उघडावी. पुढे आज्ञांची नावे उच्चारानुसार दिली आहेत. जोडरेघेने तोडलेली अक्षरे टाइप करताना सलग आणि इंग्रजी लहान लिपीत लिहावीत.

पहिली कडी : रेडिओ चालू आहे काय?

पुष्कळ लॅपटॉपना वायफाय बंद करण्याची कळ असते. काहींच्या कडेला सरकणारे लहानसे बटणही असते. दप्तरात ठेवताना ते नकळत सरकते. ‘आर-एफ-किल लिस्ट’ ही आज्ञा दिली की दोन ओळी दिसतात. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर रेडिओ आज्ञेने बंद झालेला आहे; तो ‘आर-एफ-किल अनब्लॉक वायफाय’ ह्या आज्ञेने सुरू होतो. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर बहुधा ते बटण किंवा कळ ह्यांचाच दोष असतो; तेथे कितीही आज्ञा दिल्या तरी उपयोग नाही. आमच्या लॅपटॉपमध्ये दोन्हींपुढे ‘नो’ होते. पहिली कडी शाबूत होती.

दुसरी कडी : कार्ड जागेवर आहे काय?

‘एल-एस-पी-सी-आय’ ही आज्ञा संगणकाच्या आतील भागांची हजेरी घेते. बाहेरून जोडलेल्या भागांची हजेरी ‘एल-एस-यू-एस-बी’ ही आज्ञा घेते. आमच्या यादीत वायरलेस कार्डाचे नाव स्पष्ट दिसले. ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जे कार्ड हजेरीला ‘ओ’ देते, ते पूर्णपणे मृत असणे कठीण. यादीत नाव नसतेच, तर कार्ड सैल झाले आहे किंवा खरोखर गेले आहे, हा त्या कारागिराचा तर्क मान्य करावा लागला असता. दोष त्याच्या तर्काचा नव्हता; तो तपासून न पाहण्याचा होता.

तिसरी कडी : कार्डाला आज्ञावली मिळाली काय?

वायफायच्या कार्डात स्वतःचा एक छोटा प्रक्रियक असतो. पुष्कळ कार्डांची स्मृती वीज बंद होताच कोरी होते. म्हणून संगणक सुरू होताना दर वेळी एक छोटी आज्ञावली तबकडीवरून कार्डात भरावी लागते. तिला ‘फर्मवेअर’ म्हणतात. लिनक्सचा ड्रायव्हर हे भरण्याचे काम करतो आणि त्याची नोंदही ठेवतो. ‘सुडो डी-एम-ई-एस-जी’ ही आज्ञा ती नोंदवही उघडते. (‘सुडो’ म्हणजे प्रमुखाच्या अधिकाराने. अर्थ कळल्याशिवाय हा शब्द लावून कोणतीही आज्ञा देऊ नये.)

आमच्या नोंदवहीत एक ओळ होती. फर्मवेअर भरता आले नाही, चूक क्रमांक उणे २. लिनक्सच्या भाषेत २ ह्या क्रमांकाचा अर्थ ‘अशी फाइल सापडली नाही’ असा आहे. कार्ड निरोगी होते. फक्त त्याला त्याची आज्ञावली मिळत नव्हती!

असे का व्हावे? फर्मवेअरचे हक्क कार्ड बनविणाऱ्याकडे असतात, ते मुक्तस्रोत असतेच असे नाही. म्हणून काही लिनक्स वितरणे ते सोबत देत नसत. डेबियन ह्या प्रसिद्ध वितरणाने जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर स्थापनेच्या संचात घेतले. तरीही काही जुन्या कार्डांचे फर्मवेअर आजही वेगळे आणावे लागते. आणि ते आणावयास इंटरनेट पाहिजे! विहिरीतून पाणी काढावयाचे आणि दोरच विहिरीत पडलेला, अशी ही अवस्था.

ह्यावर उपाय सोपा आहे. मोबाइल फोन तारेने लॅपटॉपला जोडावा आणि फोनमधील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्स त्या फोनला तारेचे नेटवर्क कार्ड समजते. ह्या उसन्या दोराने आम्ही त्या कार्डाचे फर्मवेअर वितरणाच्या अधिकृत भांडारातून उतरवून घेतले, संगणक पुन्हा सुरू केला आणि यादीत सात नावे उमटली. मुलाचा चेहरा उजळला. परंतु गोष्ट येथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. “सर, तुमच्याकडे चालते, घरी जोडले जाते आणि तुटते.”

चौथी कडी : तरंग पुरेसे पोचतात काय?

आता आपण भौतिकशास्त्राच्या अंगणात आलो. वायफायचे तरंग हे प्रकाशासारखेच विद्युत्‌चुंबकीय तरंग होत. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवान्याच्या बंधनातून मोकळा झाला. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झचा विस्तृत पट्टाही खुला झाला. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर धरून त्याला २४० कोटी ह्या कंप्रतेने भागा: तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटीमीटर येते. ५ गिगाहर्ट्‌झच्या तरंगांची लांबी सुमारे ६ सेंटीमीटर. ते भिंतींतून तुलनेने कमी पार होतात. जुनी अनेक कार्डे ५ गिगाहर्ट्‌झ ऐकूच शकत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

पोचणारी शक्ती ‘डीबीएम’ ह्या एककात मोजतात. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. दर १० डेसिबलला शक्ती दहापट बदलते. राउटरने १०० मिलिवॉट, म्हणजे २० डीबीएम, शक्ती सोडली आणि लॅपटॉपला उणे ७० डीबीएम मिळाली, तर मध्ये ९० डेसिबल गळाले. म्हणजे शंभर कोटी भागांतील एकच भाग पोचला! एवढ्यावरही काम चालते, ही अभियंत्यांची करामत. उणे ८० च्या खाली मात्र दुवा डळमळू लागतो.

कार्डाचे नाव ‘एन-एम-सी-एल-आय डिव्हाइस’ ह्या आज्ञेने कळते. मग ‘आय-डब्ल्यू डेव्ह’, पुढे ते नाव आणि शेवटी ‘लिंक’ असे लिहिले की डीबीएममधील आकडा दिसतो. मुलाच्या घरचा आकडा होता उणे ८२. चौकशी केली तेव्हा कळले की राउटर पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला आहे. धातूचा पत्रा ह्या तरंगांना आरशासारखा परतवतो. राउटर कपाटामागून काढून लाकडी फळीवर उंच ठेवला, तेव्हा आकडा उणे ६२ झाला. वीस डेसिबलचा फरक, म्हणजे शक्ती शंभरपट!

पत्र्याला भोके असली तरी विशेष फरक पडत नाही. भोके तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असली की जाळीही आरसाच ठरते. ह्याचा भव्य पुरावा पाहावयाचा तर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जावे. प्रा. गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या अखंड पत्र्याच्या नाहीत. पोलादी तारांच्या विरळ जाळीच्या आहेत. तरीही आकाशातील रेडिओ तरंग त्या नेमके केंद्राकडे वळवितात, कारण तेथे टिपावयाच्या तरंगांची लांबी जाळीच्या भोकांहून कितीतरी मोठी आहे. पत्र्याची छपरे आणि लोखंडी मागांच्या रांगा असलेल्या आपल्या गावात वायफायची वाट का अडते, हे आता तुमच्या लक्षात येईल.

पाणीही हे तरंग शोषून घेते. मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्‌झवर ह्याच गुणावर चालते आणि जवळ असल्यास व्यत्ययही आणते. वायफायचे बाह्य कार्ड वापरत असाल, तर त्याच्या शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावू नका. तिच्या वेगवान संदेशांचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सांडतो.

पाचवी आणि सहावी कडी : पत्ता आणि नाव

दुवा जुळल्यावर राउटर लॅपटॉपला अंकांचा पत्ता देतो. ‘आय-पी रूट’ ही आज्ञा दिली असता ‘डीफॉल्ट व्हाया’ ह्या शब्दांपुढे राउटरचा पत्ता दिसतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. तो दिसत नसेल तर पत्ता मिळालेलाच नाही. बहुधा संकेतशब्द चुकलेला असतो किंवा राउटर एकदा बंद करून सुरू करावा लागतो.

आता ‘पिंग’ आणि पुढे तो पत्ता लिहा. डोंगरापुढे हाक मारून प्रतिध्वनीची वेळ मोजावी, तशी ही आज्ञा आहे. माइक म्यूस ह्यांनी ती १९८३ मध्ये लिहिली. राउटरकडून उत्तर आले तर घरातील भाग ठीक. मग ‘पिंग ८.८.८.८’ करून पाहा; उत्तर आले तर बाहेरचा मार्गही ठीक. अंकांना उत्तर येते पण संकेतस्थळाच्या नावाला येत नाही, असे असेल तर नावाचे अंकांत रूपांतर करणारी ‘डीएनएस’ ही सहावी कडी तुटलेली आहे. सारे ठीक असूनही पाने उघडत नसतील, तर संगणकाचे घड्याळ पाहा! जुन्या लॅपटॉपमधील छोटी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळांची ओळखपत्रे अवैध ठरतात.

तुम्ही स्वतः करून पाहा

१. राउटरपासून १, २, ४ व ८ मीटर अंतरांवर शक्तीचे आकडे घ्या. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबल घट व्हावयास हवी. (व्यस्त वर्गाचा नियम वापरून हे सिद्ध करा.) घरात ती तशी का होत नाही?

२. लॅपटॉप एका जागी ठेवून दर वेळी ३ सेंटीमीटर सरकवा आणि आकडे लिहा. ते का वर-खाली होतात? (सूचना : थेट आलेला आणि परावर्तित तरंग ह्यांचे व्यतिकरण. पाव तरंगलांबी किती?)

३. मध्ये अनुक्रमे पुठ्ठा, पाण्याची बादली आणि पत्र्याचे झाकण धरा. कोण अधिक अडवितो?

शिक्षकांना विनंती की, एका लॅपटॉपमध्ये मुद्दाम एक कडी तोडून तो विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. मात्र प्रयोग स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या नेटवर्कवरच करावेत.

त्या मुलाचा अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी गेला. कार्ड जुनेच होते. पुढच्या आठवड्यात तो शेजाऱ्याचा लॅपटॉप घेऊन आला. ह्या वेळी वही त्याची होती, तिच्यात चार कड्या तपासून खुणा केलेल्या होत्या आणि पाचवीपुढे प्रश्नचिन्ह होते. “सर, येथपर्यंत ठीक आहे,” तो म्हणाला. ‘बिघडले आहे’ ह्या वाक्यापासून ‘येथपर्यंत ठीक आहे’ ह्या वाक्यापर्यंत येणे, हाच विज्ञानाचा अभ्यास होय.