फंडाच्या पैशातून खोल्या काढाव्यात का?

प्रश्न : दौंडला रेल्वेत नोकरी करून नुकताच निवृत्त झालो. फंड, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचा काही भाग विकून मिळालेले धरून ३० लाख हाती आले. मेहुणे म्हणतात, रांजणगाव एमआयडीसीजवळ कारेगावात दोन गुंठे घ्या, खोल्या काढा, भाडे सुरू राहील. घेऊ का?
– एक वाचक, दौंड

उत्तर : सगळे पैसे घालू नका, हे आधीच सांगतो.

आधी हिशेब करू. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० पडतात. आता समजा, एका खोलीला ४,००० भाडे आले आणि सहा खोल्या वर्षातले दहा महिने भरल्या, तर महिन्याची सरासरी होते २०,०००. त्यातून घरपट्टी, मोटारदुरुस्ती, उन्हाळ्यातला टँकर जायचा आहे. भाडे पुढे वाढेल, जागाही राहील, करात भाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के वजावट मिळते, हे खरे. पण कंपनीने कंत्राटी पोरे कमी केली की आख्खी ओळ रिकामी होते. दाराला कुलूप आणि कडीत जुनी बिले अडकवलेली.

खरी भीती मला त्या दोन गुंठ्यांची वाटते. अशी खरेदी बहुधा सामाईक सातबाऱ्यावर होते. एका गटात दहा-पंधरा नावे, चतुःसीमा फक्त कागदावर, एनए झालेले नाही. अशा जागेवर बँक कर्ज देत नाही आणि पुढे विकायला गेलात तर गिऱ्हाईक भाव पाडते. आयुष्याची कमाई तिथे अडकू नये, असे मला मनापासून वाटते. तुम्हाला पेन्शन आहे, म्हणून धोका थोडा झेपेल. खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्याला मी सरळ नकोच म्हणालो असतो.

त्यापेक्षा दौंडात स्वतःचे घर असेल आणि वर परवानगी मिळत असेल, तर सहा-सात लाखांत दोन खोल्या काढा. रेल्वेचे, राज्य राखीव पोलीस दलाचे, कुरकुंभ एमआयडीसीत जाणारे भाडेकरू शहरात मिळतात. भाडेकरू ओळखीचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

तरी कारेगावच मनात असेल, तर इसार देण्याआधी एका संध्याकाळी शिफ्ट सुटताना तिथे जा. किराणा दुकानदाराला विचारा, गल्लीत किती खोल्या रिकाम्या आहेत.