लाल ‘डी’

वाई गाव सोडून पाचगणीकडे निघाले, म्हणजे लगेच पसरणीचा घाट लागतो. एका बाजूस उंच कडा, दुसऱ्या बाजूस खोल दरी आणि मधून नागमोडी वळणे घेत जाणारा रस्ता. या घाटातून सतरा वर्षे मोटार चालविणारी एक परिचारिका वाईस राहत असे. पावसाळ्यात धुके उतरले, समोरचे काही दिसेनासे झाले, तरी तिचा हात कधी डगमगला नाही. ‘आईच्या गाडीत मला खुशाल झोप लागते,’ असे तिची मुलगी मैत्रिणींना अभिमानाने सांगे.

2024 च्या मार्च महिन्यात ही परिचारिका मुलीसह ब्रिटनमधील वेल्स प्रांतात नोकरीसाठी गेली. पोविस नावाच्या डोंगराळ परगण्यात तिची नेमणूक झाली. घरोघर जाऊन वृद्ध रुग्णांची शुश्रूषा करणे, हे तिचे काम. वस्त्या दूरदूर पसरलेल्या, बसगाड्या मोजक्या. मोटारीवाचून हे काम होण्याजोगे नव्हते. तिच्या रुग्णांत एक म्हातारे मेंढपाळ होते. त्यांच्या पायाची जखम आठवड्यातून दोनदा धुऊन बांधावी लागे. दरीच्या अगदी टोकाला त्यांचे घर होते. दारात मोटारीचा आवाज आला, की ते चहाचे आधण ठेवीत.

भारतात एका राज्यात मिळालेला वाहन चालविण्याचा परवाना साऱ्या देशात चालतो. साताऱ्याचा परवाना घेऊन मनुष्य आसामात गेला, तरी त्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. देशाची सीमा ओलांडली, की मात्र गोष्ट बदलते. ब्रिटनमध्ये राहावयास गेलेल्या माणसाला भारतीय परवान्यावर बारा महिने मोटार चालविता येते. पुढे तो परवाना तेथे निरुपयोगी ठरतो. जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा काही देशांचे परवाने ब्रिटन बदलून देते; त्या यादीत भारत नाही. भारतीयाने पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी, असा तेथील नियम आहे. सतरा वर्षे घाट चढणाऱ्या बाईला तो जाचक वाटला, यात नवल नाही.

परंतु या कठोरपणास इतिहास आहे. ब्रिटनमध्ये 1903 च्या कायद्याने परवाना आला, तेव्हा परीक्षा नव्हतीच. पाच शिलिंग भरले, की परवाना हाती पडे! मोटारी वाढल्या, तसे अपघातही वाढले. 1934 या एका वर्षात सात हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यानंतर, 1 जून 1935 पासून, नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली.

परिचारिकेने शिकाऊ परवाना काढला आणि ती लेखी परीक्षेच्या तयारीस लागली. लेखी म्हणावयाचे, पण ती असते संगणकावर. पन्नास प्रश्नांपैकी किमान त्रेचाळीस उत्तरे बरोबर यावी लागतात. त्यानंतरचा भाग अधिक मौजेचा. रस्त्यावरील चौदा चलच्चित्रे एकामागून एक दाखवितात. कोठे उभ्या गाडीचे दार उघडू लागते, कोठे मेंढरू कुंपणातून डोके काढते. संकट आकार घेऊ लागताच उमेदवाराने कळ दाबावयाची. जितक्या लवकर ओळखावे, तितके गुण अधिक. उगाच वारंवार कळ दाबणाऱ्यास मात्र शून्य. पंचाहत्तरांपैकी चव्वेचाळीस गुण मिळाले, तरच उत्तीर्ण. पसरणीच्या घाटाने तिचे डोळे तयार केले होते. हा भाग तिला मुळीच जड गेला नाही.

खरी कसोटी रस्त्यावरची. 2025 च्या जानेवारीत तिची पाळी आली. प्रथम वीस मीटरांवरील मोटारीचा क्रमांक वाचून दाखवावा लागतो; तो न वाचता आल्यास परीक्षा तेथेच संपते. मग परीक्षक शेजारी बसतात आणि सुमारे चाळीस मिनिटे निरनिराळ्या रस्त्यांनी गाडी नेण्यास सांगतात. पंधरापर्यंत किरकोळ चुका माफ असतात. गंभीर चूक एकही चालत नाही.

तिने गाडी उत्तम चालविली. रस्त्यावर ‘आराव’ असे वेल्श भाषेत रंगविलेले दिसले, की वेग उतरवी; ‘आराव’ म्हणजे सावकाश. वस्तीतून जाताना ताशी वीस मैलांच्या वर काटा जाऊ दिला नाही. सप्टेंबर 2023 पासून वेल्समधील वस्तीच्या बहुतेक रस्त्यांवर तीच मर्यादा आहे. परत येताना एका तिठ्यावर अष्टकोनी लाल पाटी होती. तिने वेग अगदी गोगलगाईचा केला, दोन्हीकडे पाहिले. रस्ता पार मोकळा होता. ती हळूच पुढे निघाली.

‘आपण नापास झालात,’ शेवटी परीक्षक म्हणाले.

‘कोणत्या कारणाने?’

‘थांबण्याच्या पाटीपाशी आपली चाके थांबली नाहीत.’

‘पण रस्त्यावर कोणीच नव्हते!’

‘ते आपल्याला थांबण्यापूर्वीच कसे कळले?’ परीक्षकांनी शांतपणे विचारले.

तिला उत्तर सुचले नाही. भारतातही अशा पाटीपाशी पूर्ण थांबावे, असाच नियम आहे, हे तिला ठाऊक होते. फक्त तेथे तिला कोणी कधी टोकले नव्हते.

पुढची तारीख मिळाली ती थेट मे महिन्यातली. मधल्या काळात मार्च आला, वर्ष भरले आणि एकटीने मोटार चालविण्याचा तिचा अधिकार संपला. वरिष्ठांनी तिला दवाखान्यातील काम दिले. दरीतल्या रुग्णांकडे दुसरी परिचारिका जाऊ लागली. तिचेच काम आधी फार, त्यामुळे मेंढपाळ आजोबांचा वार कधी कधी चुके. एकदा आजोबांनी दवाखान्यात दूरध्वनी करून विचारले, ‘त्या भारतीय बाईंना बरे नाही का?’ तो निरोप ऐकून ती रात्रभर अस्वस्थ होती.

शिकाऊ चालकाच्या मोटारीवर पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हे अक्षर लावतात. वेल्समध्ये त्याऐवजी ‘डी’ही चालते, ‘दस्गुर’ म्हणजे शिकणारा, त्याचे ते आद्याक्षर. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. शिकाऊ चालकाच्या शेजारी बसणाऱ्याचे वय एकवीसच्या वर असावे आणि त्याच्याकडे तीन वर्षांचा परवाना असावा लागतो. शिक्षकांनी हे काम आपण होऊन पत्करले.

‘आई, तुला लाज नाही वाटत? एवढी मोठी तू, आणि गाडीवर हे अक्षर!’ मुलगी एकदा म्हणाली.

‘वाटली होती गं पहिल्या दिवशी,’ आई म्हणाली. ‘आता उपयोग वाटतो. मागचे लोक जरा अंतर ठेवून चालतात.’

रोज सायंकाळी त्या तिठ्यावर जाऊन ती गाडी पूर्ण उभी करी. मागल्या आसनावरून मुलगी मोठ्याने मोजी, ‘एक, दोन, तीन!’ शिक्षक हसत. मोजून थांबण्याचा नियम कोठेच नाही; चाके थांबली आणि नीट पाहून झाले, की पुरे. पण मुलीला मोजण्यात मौज वाटे.

मे महिन्यात ती उत्तीर्ण झाली. दुसऱ्याच सोमवारी मेंढपाळ आजोबांच्या दारात मोटारीचा आवाज आला. त्यांनी चहाचे आधण ठेवले आणि काठी टेकीत दार उघडले. मोटारीवर लाल ‘डी’ नव्हता. तो मुलीने काढून आपल्या अभ्यासाच्या टेबलासमोर, भिंतीवर चिकटवला होता.