पुढे काय झालं, तेही सांग

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, सीएंच्या ग्रुपवर मी नुसती वाचत असते. त्या मोठमोठ्या लोकांत मी काय बोलणार?" वीस तारीख होती, जीएसटीच्या ३बी रिटर्नची घाई होती, म्हणून "बघू नंतर" म्हणून मी फोन ठेवला. आता जरा निवांत आहे, तर सांगते.

तुझी प्रॅक्टिस अजून वर्षाचीही नाही. इचलकरंजीत एका खोलीचं ऑफिस, ओळखीतले चार यंत्रमागवाले, आणि अडलं तर विचारायला शेजारी कुणी नाही. मोठ्या फर्ममध्ये मान वळवली की एखादा सीनियर सापडतो. आपण एकेकट्या बसतो, त्यामुळे आपले सीनियर मोबाइलमध्येच. माझीही निम्मी विद्या तिथूनच आली, हे मी कुठेही कबूल करीन.

२०१७चा जुलै तू पाहिला नाहीस, तेव्हा तू कॉलेजात होतीस. एक तारखेला जीएसटी लागू झाला, आणि नेमका तोच आपला सीए दिवस! कायदा नवा, फॉर्म नवे, पोर्टल नवं. हयातभर विक्रीकराचं काम केलेले काकासुद्धा आमच्याइतकेच कोरे. महिन्याला तीन रिटर्न भरायची असं ठरलं होतं. त्यातली जीएसटीआर-२ आणि ३ मागेच पडली, आणि तात्पुरतं म्हणून आलेलं ३बी अजून ठाण मांडून बसलंय. ते दिवस आम्ही एकमेकांच्या जिवावर काढले. रात्री अकराला कुणीतरी लिहायचं, "आत्ता सबमिट होतंय, बसा." एवढ्या ओळीवर जळगावपासून सावंतवाडीपर्यंत माणसं पुन्हा लॉगिन करायची. लिहिणाऱ्याचं स्वतःचं काम तर झालेलं असायचं. तो सरळ झोपू शकला असता. पण दोन ओळी टाकल्याशिवाय झोपायचा नाही.

तर मुद्दा असा, की ग्रुपवर काही द्यायला विद्वान असावं लागत नाही. थोडी तसदी घ्यावी लागते, बस्स.

प्रश्न विचारतानासुद्धा ती घेता येते. "नोटीस आली, काय करू?" असं टाकलंस तर वीसजणांनी वीस उलटप्रश्न विचारायचे. त्याऐवजी नोटीस कोणत्या कलमाखाली, वर्ष कुठलं, फरक कशात, तू आतापर्यंत काय पाहिलंस, हे चार ओळींत लिही. आणि नोटिशीचा फोटो टाकताना सांभाळ. परवाच एकाने पॅन काळजीपूर्वक खोडला आणि जीएसटीआयएन तसाच ठेवला. अरे बाबा, त्या पंधरा अक्षरांत पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच की! क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर देणं हे आपल्या १९४९च्या कायद्यात व्यावसायिक गैरवर्तन आहे, परीक्षेला घोकलंस ना? ते व्हॉट्सॲपलाही लागू आहे.

आता उत्तराचं. समज, कुणी विचारलं, "२०१८-१९चं क्रेडिट जीएसटीआर-२एमध्ये दिसत नाही, नोटीस आलीय." लगेच पाचजण "सेम इश्यू" लिहितील, कुणी हात जोडतील, कुणी "कॉल मी" म्हणून गायब होतील. आणि एखादाच लिहील : "परिपत्रक १८३, २७ डिसेंबर २०२२. एका पुरवठादाराचा वर्षाचा फरक पाच लाखांच्या वर असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र, तेवढा नसेल तर पुरवठादाराचं स्वतःचं चालतं. हे २०१७-१८ आणि २०१८-१९ला. सीएचं असेल तर यूडीआयएन विसरू नका." लिहायला किती वेळ लागला असेल? पण यात क्रमांक आहे, तारीख आहे, मर्यादा आहे, कुठली वर्षं तेही आहे. विचारणारा थेट परिपत्रक उघडून स्वतः वाचू शकतो, आपल्या शब्दावर त्याला विसंबावं लागत नाही. "हो, मिळतं क्रेडिट, टेन्शन नका घेऊ" हे ऐकायला गोड, पण अधिकाऱ्यासमोर त्याचं काय करायचं?

असाच एक प्रसंग २०२४चा. कलम १६(४)ची मुदत टळल्यामुळे ज्यांचं जुन्या वर्षांचं क्रेडिट नाकारलं होतं, त्यांना नव्या १६(५)ने दिलासा मिळाला. ज्यांच्या विरोधात आदेश निघालेले होते आणि अपील केलेलं नव्हतं, त्यांना ८ ऑक्टोबरच्या अधिसूचनेने दुरुस्तीचा अर्ज करायला सहा महिने दिले. अर्ज पोर्टलवर नेमका कुठून करायचा, हे सुरुवातीला कुणाला धड कळेना. एका लहान गावातल्या माणसाने पहिला अर्ज भरता भरता प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढला, नावं-नंबर काळे केले, "परिशिष्ट-अ जोडायला विसरू नका" असं खाली लिहिलं आणि टाकून दिलं. त्याचं नाव मला आजही माहीत नाही, डीपीला गणपती होता एवढंच आठवतं. किती व्यापाऱ्यांचे पैसे त्या फोटोंमुळे वाचले असतील, कोण मोजणार!

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात दुर्मीळ काम वेगळंच आहे, आणि ते तुझ्यासारख्या नवख्या पोरीला आजसुद्धा जमेल. ते म्हणजे परत येऊन निकाल सांगणं. विचारणारे उदंड, उत्तर देणारेही बरेच. पण छाननीची नोटीस, म्हणजे एएसएमटी-१० आली, ग्रुपला विचारून एएसएमटी-११मध्ये उत्तर दिलं, मग अधिकाऱ्याने ते मानून एएसएमटी-१२ दिली की पुढे कारणे दाखवा नोटीस काढली, हे कोण येऊन सांगतं? कुणी नाही. सहा महिन्यांनी तीच नोटीस दुसऱ्याला येते. तो बिचारा ग्रुपमध्ये शोधतो, त्याला प्रश्न सापडतो, खाली सात मतं सापडतात, आणि त्यातलं कुठलं टिकलं ते कळतच नाही. ज्याने वेळ काढून उत्तर दिलं, त्यालाही आपलं बरोबर होतं की चूक, याचा पत्ता नसतो.

आणि हरलीस तरी सांग गं. उलट ते जास्त उपयोगाचं. जिंकलेलं सगळे मिरवतात. "हा युक्तिवाद केला, मानला नाही, अमुक कागद मागितला" हे वाचून दहाजण तो कागद आधीच जमवून ठेवतील. त्यात कमीपणा कसला?

फॉरवर्ड करण्याची घाई मात्र करू नकोस. एकोणीस तारखेच्या संध्याकाळी "मुदत वाढली" म्हणून कुठल्यातरी जुन्या वर्षाचं पत्रक फिरतंच, वरची तारीख कापलेली असते. अधिसूचनेचा क्रमांक सरकारी साइटवर दिसेपर्यंत हात आवर. निवाड्यांचं तर आता फारच जपायला हवं. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाला डिसेंबर २०२४मधला एक आदेश मागे घ्यावा लागला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. तिथे ही गत, तर आपल्या ग्रुपवर आलेल्या पीडीएफचं काय सांगावं! मूळ निकाल उघडून वाचला असशील तरच पुढे पाठव.

कुणी नवख्याने चुकीचं उत्तर दिलं, तर त्याला आधी खासगीत कळव. त्याचा त्याला मेसेज दुरुस्त करू दे. सगळ्यांदेखत कान उपटून कोणी शहाणा झाल्याचं मी पाहिलं नाही, गप्प झालेले मात्र पाहिलेत. मुदत आजची असेल आणि लोक त्या उत्तरावर रिटर्न भरणार असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ग्रुपवरच, कलम दाखवून, सौम्यपणे सांग.

आता एक आपल्या दोघींतलं. तू एकदा नीट उत्तर दिलंस की "मॅडम, जरा गाइड करा" असे खासगी मेसेज सुरू होतील. बरेचसे खरेच अडलेले असतात, काही नसतात. सरसकट एकच वाक्य ठेव : "ग्रुपवर विचारा, सगळ्यांना उपयोग होईल." खरा अडलेला ग्रुपवर येतो. आणि ज्याने कलम उघडूनही पाहिलं नाही, त्याला अख्खा ड्राफ्ट करून देऊ नकोस. दिशा दाखव, परिपत्रकाचा क्रमांक दे, पुढचं त्याला करू दे. त्याची फी तो घेणार आहे, तू नाही. याला कंजूषपणा म्हणत नाहीत.

तुझ्या त्या सायझिंगवाल्यांची नोटीस निकाली निघाली म्हणालीस ना? मग आज संध्याकाळीच ग्रुपवर लिही. नोटीस कशाची होती, उत्तरात काय मांडलंस, अधिकाऱ्यांनी कोणते कागद मागितले आणि शेवटी काय झालं. पार्टीचं नाव नको, जीएसटीआयएन तर नकोच. आणि हो, "मी नवीन आहे, चुकलं तर माफ करा" अशी सुरुवात करू नकोस. सरळ मुद्द्याचं लिही.