गिअरबॉक्स बदलण्याआधी

अगं, ‘ट्रान्समिशन गेलंय, नवीन बसवावं लागेल’ असं गॅरेजवाला म्हणाला म्हणून लगेच मान डोलावू नकोस. अ‍ॅशबर्नमध्ये गाडीवाचून पान हलत नाही, मान्य. २०२२च्या नोव्हेंबरात सिल्व्हर लाइन मेट्रो इथवर आली खरी, पण ती काही मुलांना क्लासला सोडत नाही. म्हणून गाडी बंद पडली की जीव घाबरा होतो आणि ते सांगतील त्या आकड्यावर सही होते.

मला सांग, गाडी एकाच गिअरला अडकते, इंजिन नुसतं ओरडतं, आणि बंद करून पुन्हा चालू केली की काही झालंच नाही अशी धावते, असंच ना? मग आधी विजेकडे बघ. आजच्या गाडीत गिअर कधी बदलायचा हे कंप्युटर ठरवतो. तो सोलेनॉइडना वीज देतो. हे सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघडझाप करणारे छोटे नळच, त्यांच्यातून तेल क्लचकडे जातं. एखाद्या सेन्सरचं म्हणणं त्याला पटेनासं झालं, की गिअरबॉक्स वाचवायला तो बहुधा दुसरा किंवा तिसरा गिअर धरून बसतो. याला लिंप मोड म्हणतात. जळालेला क्लच असा किल्ली फिरवून बरा होत नाही. त्याचं तेल काळपट होतं, करपल्याचा वास येतो.

सुरुवात बॅटरीपासून कर. मल्टीमीटर स्वस्तात मिळतो, एक घरात असूच दे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास. व्होल्टेज कमी पडलं की कंप्युटर एकदम चार ठिकाणच्या तक्रारी नोंदवतो, आणि त्या वाचून लोक भलतेच भाग बदलत सुटतात. मग अर्थिंग. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून उडून वायरींच्या जोडांत शिरतं. हँडब्रेक लावून, गिअर ‘पी’मध्ये ठेवून इंजिन, दिवे, पंखा सगळं चालू कर. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूला लाव. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची वायर खराब समज. आणि हे करताना ओढणी, मोकळे केस इंजिनच्या पट्ट्यापासून लांब ठेव, हं.

आता कोड. १९९६पासूनच्या इथल्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायची जागा असते. साधा स्कॅनर ‘पी ०७००’ दाखवून गप्प बसतो. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे काहीतरी तक्रार आहे. ती कोणती, हे त्याच कंप्युटरला विचारावं लागतं, आणि तेवढी ताकद सगळ्या स्कॅनरांत नसते. नुसत्या ‘पी ०७००’वर कोणी नवा गिअरबॉक्स सुचवत असेल तर सरळ दुसरं गॅरेज गाठ. पुढचा कोड मिळाला की त्याच्या वर्णनात ‘सर्किट’ लिहिलंय का बघ. असेल तर संशय वायर, कनेक्टर किंवा सोलेनॉइडच्या कॉइलवर. ‘परफॉर्मन्स’ असेल तर तेल किंवा व्हॉल्व्हही दोषी असू शकतो. ‘पी ०७३१’सारखा गिअरच्या गुणोत्तराचा कोड आला तर मात्र क्लच घसरत असण्याची शक्यता खरीच धरावी लागते.

गॅरेजात विचारायचं ते असं: वायर ताण देऊन तपासली का? दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटरवर ओहम ठीक दिसतात. वीज वाहायला लागली की खरं कळतं. कनेक्टर उघडून पाहिला का, आत तेल किंवा हिरवट गंज होता का? आकडे कागदावर लिहून माग. ‘तुमच्या मिस्टरांशी बोलतो’ म्हणाला तर गाडी माझ्या नावावर आहे म्हणून सांग.

कोड पुसून मोकळं व्हायचा मोह आवर. लाउडन काउंटीत दर दोन वर्षांनी उत्सर्जन तपासणी असते. ‘चेक इंजिन’चा दिवा जळत असेल तर गाडी नापास, आणि नुकताच पुसलेला असेल तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या म्हणून परत पाठवू शकतात. त्यापेक्षा वॉरंटीचं पुस्तक काढ. उत्सर्जनाशी संबंधित कंप्युटरवर केंद्राच्या कायद्याने ८ वर्षं किंवा ८०,००० मैल हमी आहे, आणि काही कंपन्या गिअरबॉक्सचा कंप्युटरही त्यात धरतात.

आणि कधी गाडी ‘पी’मधून हललीच नाही, तर आधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेकचे दिवे लागतात का ते बघायला सांग. लागत नसतील तर ब्रेकच्या स्विचचा किंवा फ्यूजचा दोष असायची शक्यता मोठी. बऱ्याच गाड्यांत दांडीशेजारच्या झाकणाखालचं बटण दाबून ती सुटते, पण तशीच रूट ७वर काढू नकोस. तू ब्रेक मारलास हे मागच्याला दिसणार नाही.